घरून काम करणाऱ्या माणसांचं कौतुक कसं करायचं: नव्यानं टीम सांभाळणाऱ्यांसाठी

ऑफिस संभाजीनगरात किंवा पुण्यात, अन् टीममधलं एक पोरगं जिंतूर तालुक्यातल्या गावातून लॉगिन करतंय, एक ताई उदगीरहून टॅलीचं काम बघतात, अजून एक जण अंबाजोगाईत बसून कस्टमर सपोर्टचे कॉल घेतो, हे २०२० च्या लॉकडाऊनआधी कुणी सांगितलं असतं तर नवल वाटलं असतं, आता वाटत नाही. तेव्हा पुण्याहून बोचकी बांधून गावाकडं आलेल्यातले काही परत गेले, काही गेलेच नाहीत, अन् कंपन्यांनाही कळलं की असं पण काम होतंय. पण ही माणसं सांभाळायची कशी हे नव्या टीम लीडला कुणी शिकवत नाही. लॅपटॉप दिला, पासवर्ड दिला, ग्रुपमध्ये ॲड केलं, झालं.

ऑफिसात कौतुक येता-जाता होऊन जातं. टपरीवर चहा पिताना "काल त्या पार्टीला लई भारी सांभाळलंस" एवढं म्हटलं तरी माणूस दिवसभर खुश असतो. लांब बसलेल्याला मात्र तुमचा फोन जातो तो काहीतरी बिघडल्यावरच, काम नीट झालं की सगळं चिडीचूप. चार-दोन महिने असं चाललं की स्क्रीनवर तुमचं नाव दिसलं तरी त्याच्या पोटात गोळा येतो. अन् आपल्याकडची दुसरी गंमत अशी की गावात लॅपटॉपवर बसलेल्याला घरचेच लोक कामावर धरत नाहीत. "घरीच तर हाय, जरा रानातली मोटार चालू करून ये की." मीटिंग चालू असताना मागून हाक येते, दळण आणायला त्यालाच पाठवतात, अन् शेजारी विचारतात पोराला नोकरी लागली का नाही अजून. म्हणून इथं कौतुक नुसतं त्या माणसाला कळून भागत नाही, ते त्याच्या घरात पण दिसावं लागतंय. खाली जे सांगतोय ते सगळं हाच हिशोब धरून.

पायरी १: आधी देणं क्लिअर करा

पगार १० तारखेला म्हणून ठरला अन् २२ ला पडत असेल तर हा लेख इथंच बंद करा, आधी ते बघा. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ सालीच मांडून ठेवलंय की पगार, सोयी, कामाची परिस्थिती या गोष्टी नीट असल्या तर माणूस नाराज होत नाही, एवढंच. कामाची ओढ लागते ती हातून काहीतरी चांगलं घडल्यानं अन् कुणीतरी त्याची दखल घेतल्यानं. पण पहिलं नसताना दुसरं द्यायला गेलात तर माणूस तोंडावर हसतो अन् मनात शिव्या घालतो.

नेटचं बिल, हेडफोन, नीट खुर्ची, लाइट गेल्यावर राऊटर चालू राहील असा छोटा यूपीएस, हे कामाचं सामान आहे. उन्हाळ्यात गावाकडं लाइट कधी जाईल याचा भरवसा नसतो अन् तुम्हाला रिपोर्ट मात्र पाचला पाहिजे असतो. तर हे सामान द्या, पण त्याला रिबन बांधून "सरप्राइज गिफ्ट" म्हणू नका. ऑफिसातल्या माणसाला टेबल दिलं म्हणून कुणी टाळ्या वाजवतं का?

पायरी २: काम दिसेल अशी सोय करा

कौतुक करायचं म्हणजे काय केलंय ते आधी माहीत पाहिजे, अन् नव्या लीडची गाडी इथंच अडते. जो मीटिंगमध्ये जास्त बोलतो, ज्याचं इंग्रजी फर्डं आहे, ज्याचं नेट कधी तुटत नाही, तोच डोळ्यासमोर राहतो. जी ताई "ओके सर" एवढंच टाइप करते अन् महिन्याचं सगळं जीएसटीचं काम बिनचूक देते ती दिसतच नाही.

साधा उपाय आहे. एक शीट करा, नाहीतर वही घ्या, प्रत्येकाच्या नावाचं एक पान. शुक्रवारी संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं बसून प्रत्येकासमोर एक ओळ लिहायची, या आठवड्यात यानं काय केलं. आकडा नको, गोष्ट लिहा. "नवीन आलेल्या पोराला दोन तास कॉलवर बसून सॉफ्टवेअर शिकवलं." "गावात दिवसभर लाइट नव्हती तर तालुक्याला पाहुण्याकडं जाऊन फाइल पाठवली." असल्या गोष्टी कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नसतात. एखाद्याच्या पानावर सलग तीन आठवडे काहीच लिहायला सुचलं नाही तर तो काम करत नाही असं लगेच धरू नका, बहुतेक वेळा तुमचंच तिकडं लक्ष गेलेलं नसतंय, फोन करून विचारा काय चाललंय. अन् अधूनमधून टीमलाच विचारा, "या आठवड्यात तुला कुणाची मदत झाली?" यातून जी नावं बाहेर येतात ती ऐकून तुम्हीच चकित व्हाल.

ही वही जपून ठेवा, पुढं लागणार आहे.

पायरी ३: बोलायचं काय

"गुड जॉब टीम" अन् वर अंगठा. हे कौतुक नाही, ही हजेरी आहे. ग्रुपमध्ये सकाळी गुड मॉर्निंगचं फूल येतं तसंच हे पण लोक न वाचता वर सरकवतात.

नीट कौतुकात तीन गोष्टी असाव्यात: त्यानं नेमकं काय केलं, त्यामुळं काय वाचलं किंवा काय मिळालं, अन् त्यात त्याची कुठली गोष्ट तुम्हाला आवडली. असं काहीतरी:

"ताई, काल त्या जालन्याच्या बियाणेवाल्या पार्टीच्या बिलात टॅक्स दोनदा धरला गेला होता तो तुम्ही पकडला. ते बिल तसंच गेलं असतं तर पार्टीसमोर आपलीच मान खाली गेली असती. तुम्ही प्रत्येक बिल शेवटी एकदा जुन्या बिलाशी लावून बघता ना, ती सवय लई कामाची आहे. थँक्यू."

एवढंच. लांबड लावायची गरज नाही, भारी शब्दांची तर अजिबात नाही. "आपण कंपनीचा कणा आहात" असलं वाचून माणसाला वाटतं आता काहीतरी जादा काम गळ्यात पडणार. तेच दुसरं पथ्य आहे, कौतुकाच्या मेसेजला "पण" जोडायचा नाही अन् त्याच मेसेजमध्ये नवीन काम सांगायचं नाही. "भाऊ काल भारी केलंत, बरं ते उद्याचं पण आजच करता का?" असं लिहिलं की आधीचं कौतुक पाण्यात. काम सांगायचंच असेल तर दोन तासांनी वेगळं सांगा.

अन् लवकर सांगा. एक-दोन दिवसांत सांगितलं तर त्याला पण आठवतंय त्यानं काय केलं होतं, महिन्याच्या रिव्ह्यूपर्यंत थांबलात तर तो म्हणतो, "हं, असेल सर."

भाषा मराठीच ठेवा, टीम मराठी असेल तर. मेल इंग्रजीत जाऊ द्या हवं तर, पण मनापासून दिलेली शाबासकी आपल्या बोलीतच पोचते. सगळ्यात भारी म्हणजे व्हॉइस नोट. अर्धा मिनिट बोला, आवाजात कळतं माणूस खरं बोलतोय का उरकतोय, अन् ती नोट पोरं जपून ठेवतात, घरी ऐकवतात पण.

पायरी ४: ग्रुपवर का एकट्याला

हे माणसागणिक वेगळं असतं, म्हणून जॉइन होतानाच विचारून ठेवा. काहींना चारचौघांत नाव घेतलेलं आवडतं, काहींना लाजून मेल्यासारखं होतं. नवीन लग्न होऊन सासरी आलेली एखादी ताई घरून काम करत असेल तर अवेळी फोन करून कौतुक करण्यापेक्षा मेसेज बरा, कारण फोन कुणाचा, कामून हसत होतीस, हे तिलाच सांगत बसावं लागतं.

ग्रुपवर करणार असाल तर दर वेळी तेच ते नाव येत नाही ना बघा. अन् पार्टीकडून किंवा क्लायंटकडून चांगला मेल आला तर तो तुमच्याच इनबॉक्समध्ये मुरवत ठेवू नका. ज्याचं काम आहे त्याला जसाच्या तसा पाठवा अन् तुमच्या वरच्या साहेबाला सीसीत ठेवून त्या माणसाचं नाव घ्या. याला एक रुपया लागत नाही अन् तरी लई लीड करत नाहीत, कामून ते तुम्ही पण जाणता.

पायरी ५: घरापर्यंत पोचवा

माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात कामाची पायरी ही आहे, अन् शहरी एचआरच्या यादीत ती सहसा नसते.

कागद पाठवा. खरा कागद. कंपनीच्या लेटरहेडवर, मराठीत, खाली शाईची सही अन् गोल शिक्का. ईमेलवरचं सर्टिफिकेट कुणी बघत नाही, त्याची प्रिंट काढायला पण तालुक्याला जावं लागतं. पण पोस्टमननं गावात पाकीट आणलं, ओट्यावर बसलेल्या चार जणांनी बघितलं, आजोबांनी चष्मा लावून वाचलं, की त्या दिवसापासून "लॅपटॉपवर खेळत बसतंय" हे बोलणं कमी होतं. अन् स्थळं बघायचं चालू असेल तर विचारूच नका. "पोरगं काय करतंय?" "घरून काम करतंय." "म्हंजी घरीच असतंय?" इथं तो शिक्क्याचा कागद जे काम करतो ते पगाराची स्लिप पण करत नाही.

मजकूर साधा ठेवा. पोराच्या आईवडलांना लिहायचं असेल तर असा:

"सा. न. वि. वि. आपले चिरंजीव आमच्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम घरून करतात. गेल्या महिन्यात एका ग्राहकाचे ॲप सुरू होण्याच्या आदल्या रात्री, ग्राहकांचे पैसे दोनदा कापले जातील असा दोष त्यांनी शोधून काढला. त्यामुळे मोठे नुकसान टळले. असे काम करायला शांत जागा अन् वेळ लागतो, तो आपण घरात त्यांना देता, त्याबद्दल आपलेही आभार. कळावे."

"शांत जागा अन् वेळ" हे वाक्य मुद्दाम घातलंय. पोरगं स्वतः दहादा सांगून थकलेलं असतं की मीटिंगला हाक मारू नका, तेच कंपनीच्या शिक्क्यानं सांगितलं की घरात लगेच पटतं.

पाठवायच्या आधी विचारायचं मात्र, हे विसरू नका. काहींनी घरी पगार किती ते सांगितलेलं नसतं, काहींच्या घरी वेगळंच काहीतरी चालू असतं. पत्रात पगाराचा, बोनसचा आकडा कधीच टाकायचा नाही. अन् ताईंना पाठवताना पाकिटावर ताईंचंच नाव टाका, सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावानं पत्र धाडून त्यांच्या कामाचं श्रेय दुसऱ्याच्या हातात द्यायचं काही कारण नाही.

पाठवायला स्पीड पोस्ट बरं. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, त्यामुळं काउंटरवर ते मागून गोंधळ घालू नका. खाजगी कुरिअरवाले बऱ्याच गावांना जात नाहीत, "तालुक्याला येऊन घेऊन जा" म्हणून फोन करतात, अन् मग तुमच्या कौतुकापायी त्याचा अर्धा दिवस अन् पेट्रोल जातं. पिन कोड, पोस्ट, तालुका सगळं विचारून घ्या, एकाच नावाची गावं आपल्याकडं लई आहेत.

पायरी ६: वेळ द्या, म्हणजे सुट्टी

अमेरिकेत मार्चच्या पहिल्या शुक्रवारी एम्प्लॉयी ॲप्रिसिएशन डे असतो, १९९५ पासून चालू आहे, आजकाल आपल्याकडच्या कंपन्या पण त्या दिवशी पोस्टर टाकतात. टाका, हरकत नाही. पण लातूर-धाराशिवच्या माणसाला येळवशीच्या दिवशी तुम्ही रिव्ह्यू मीटिंग ठेवली असेल तर त्या पोस्टरचा काय उपयोग? मार्गशीर्षातल्या अमावस्येला तिकडं अख्खं गाव रानात असतं, शहरं पण ओस पडतात, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, कडब्याच्या कोपीतली पूजा, पाव्हणेरावळे. पुण्यातल्या साहेबाला हे माहीत नसतं अन् पोरगं सांगायला लाजतं, मग आंब्याखाली मोबाईल धरून रेंज शोधत बसतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही स्वतःहून म्हणा, "येळवस आहे ना, त्या दिवशी तुला कुणी फोन करणार नाही." बघा कसा चेहरा खुलतो ते.

तसंच महालक्ष्म्यांचं. गौरींना आपल्याकडं महालक्ष्म्या म्हणतात अन् तीन दिवस घरातल्या बायकांना श्वास घ्यायला वेळ नसतो, जेवणाच्या दिवशी तर नाहीच. त्या दिवशीची डेडलाइन पुढं-मागं करा. पोळा आहे, अन् १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, १९४८ साली आपण निजामाच्या राज्यातून सुटलो तो दिवस, सकाळी झेंडावंदन असतं, बाहेरच्या कंपनीच्या कॅलेंडरवर याचा पत्ताच नसतो. रमजान ईद, १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, हे पण ज्याचं त्याला विचारून शीटमध्ये लिहून ठेवा, नाहीतर दिवाळीलाच सगळं प्रेम उतू जातं अन् बाकीचे बघत राहतात.

कायद्याचं पण एक ध्यानात ठेवा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सणांच्या आठ पगारी सुट्ट्या आहेत, त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अन् २ ऑक्टोबर या ठरलेल्या, उरलेल्या चार मालकानं अन् कामगारांनी मिळून ठरवायच्या. म्हणजे तुमच्या फर्मला तो लागू असेल तर या चार द्यायच्याच आहेत, ते कौतुक नाही. कौतुक म्हणजे त्या ठरवताना गावाकडच्या माणसाला विचारणं, अन् त्याच्या वर काहीतरी स्वतःहून देणं.

रात्रीचं काम असेल तर अजून एक. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ-साडेदहा तास मागं असते, म्हणजे त्यांचा सकाळचा कॉल आपल्या रात्री. कॉल बाराला संपला तर दुसऱ्या दिवशी सकाळी "उठलास का" विचारू नका, दुपारपर्यंत सोडा. त्याच्यासाठी परवानगी मागायची वेळच येऊ देऊ नका.

पायरी ७: वस्तू द्यायची तर

लोगोचा मग, लोगोची किचेन, लोगोची डायरी. हे कौतुक नाही, जाहिरात आहे.

गावात डिलिव्हरी नसलेल्या फूड ॲपचं कूपन पाठवलं तर ती थट्टाच होते. फळं पण नको, बीडचं सीताफळ अन् जालन्याची मोसंबी, जीआय मानांकन (त्या-त्या भागाची खासियत म्हणून सरकारी नोंद) असलेला माल, पण सीताफळ पार्सलमध्ये दोन दिवसांत लगदा होतं. अन् ज्याच्या रानातच तूर उभी आहे त्याला गिफ्ट हॅम्परमध्ये डाळ काय पाठवता? त्यापेक्षा विचारा. सरप्राइज नाही राहिलं तरी चालतं. लेकराच्या शाळेची बॅग, आईसाठी संभाजीनगरची हिमरू शाल, एखाद्या कोर्सची फी, असं काहीतरी त्या घरात वापरलं जाईल ते. टी-शर्ट देणार असाल तर साइज विचारून, सगळ्यांना एक्सएल देऊन मोकळं होऊ नका.

पैशाचं म्हणाल तर रोख दिलेलं बक्षीस पगारातच धरलं जातं, त्यावर टॅक्स बसतो. वस्तूच्या रूपात दिलं तर ठराविक मर्यादेपर्यंत सवलत असते, बरीच वर्षं ती मर्यादा आर्थिक वर्षाला ५,००० रुपयांची होती, पण नियम बदलत असतात म्हणून त्या वर्षाचा आकडा सीएला विचारूनच द्या. टॅक्स कापला जाणार असेल तर आधी सांगा. "पाच हजार बक्षीस" म्हणून जाहीर केलं अन् हातात कमी पडलं की माणूस बक्षीस विसरतो अन् कपात लक्षात ठेवतो.

पायरी ८: वर्षातून एकदा तरी भेटा

टीम मराठवाड्यात विखुरलेली असेल तर सगळे डोळे झाकून संभाजीनगर ठरवतात. लातूरच्या, उदगीरच्या माणसाचा अर्धा दिवस एसटीत जातो. एकदा परभणीला भेटून बघा, जंक्शन आहे, परळीकडची गाडी पण तिथं येते अन् नांदेड-मनमाड लाइनवरची पण. संभाजीनगरच ठरलं अन् लेणी बघायची असली तर वार बघून ठरवा, वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. हुरड्याच्या दिवसांत कुणाच्या तरी रानातच भेटलात तर हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं अन् जास्त रंगतं.

प्रवासाचे पैसे आधी द्या, बिलं जमा करून दोन महिन्यांनी नाही. घरच्यांना सोबत आणायचं असेल तर आणू द्या. अन् त्या दिवशी टार्गेटचं पॉवरपॉइंट काढू नका, हात जोडतो.

ऑफिसात केक कापायचा अन् लांबच्यांनी व्हिडिओ कॉलवर तो बघत बसायचं, हा प्रकार तर बंदच करा.

पायरी ९: ती वही बाहेर काढा

"एम्प्लॉयी ऑफ द मंथ" पाळीपाळीनं देणं, "आपण सगळे एक फॅमिली आहोत" म्हणून रविवारी काम सांगणं, हे लोकांना कळत नाही असं समजू नका. सगळ्यात जास्त राग येतो तो वर्षभर शाबासकी अन् पगारवाढीच्या वेळी हात वर, याचा. प्रमोशनचं नाव निघालं की ऑफिसात रोज दिसणाराच आधी आठवतो, गावाकडचा मागं राहतो.

म्हणून अप्रेझलच्या आधी शुक्रवारच्या त्या ओळी एकदा सगळ्या वाचून काढा. प्रत्येकाच्या चार-पाच ठळक गोष्टी तारखेसकट वरच्या साहेबाला लेखी द्या, अन् त्याची कॉपी त्या माणसाला पण द्या, म्हणजे त्याला कळतं आपल्या बाजूनं काय मांडलं गेलंय. वाढ मिळाली तर तुम्ही स्वतः फोन करून सांगा, एचआरच्या मेलवर सोडू नका. नाही मिळाली तरी फोन तुमचाच जाऊ द्या, कशामुळं नाही मिळाली ते सांगा, अन् "बजेट आलं की बघू" म्हणून टांगत न ठेवता पुढं कुठल्या महिन्यात परत विषय काढणार ते पण सांगून ठेवा.